'गादी सरकली' हे ऐकल्यानंतर

खानापूर, चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी या भागात कंबरदुखी जुनी झाली की तिचा रस्ता जवळपास ठरलेला असतो. आधी गावातला दवाखाना आणि सुई, मग कुणीतरी सांगितलेला हाडवैद्य, मग बेळगावला एमआरआय, आणि तरीही फरक नाही पडला की 'एकदा मिरजेला दाखवून या'. या फेऱ्यांमध्ये फिल्मची पिशवी जाड होत जाते आणि डोक्यात एक गोष्ट पक्की बसते: माझी गादी सरकलीय, मणक्यात गॅप आलाय, आता वाकायचं नाही. पुढची कित्येक वर्षं माणूस या समजुतीनंच जास्त जखडला जातो.

तीन महिन्यांच्या वर टिकलेल्या दुखण्याला जुनाट दुखणं म्हणतात. अशा दुखण्यात रुग्णाला काय वाटतं, घरच्यांना काय वाटतं आणि डॉक्टरला काय वाटतं, यावर कुठला उपचार घेतला जाणार, तो किती दिवस टिकणार आणि लागू पडणार का, हे फार मोठ्या प्रमाणात ठरतं. आणि समजूत उपदेशानं बदलत नाही. शरीराला थोडं थोडं करून दाखवावं लागतं, तेव्हा ती हलते. ते करून कसं दाखवायचं, हा या लेखाचा मुख्य भाग आहे.

सुरुवात त्या रिपोर्टपासून करू. कमरेच्या एमआरआयवर बहुतेक वेळा असं काहीतरी लिहिलेलं असतं: एल-फोर एल-फाइव्ह आणि एल-फाइव्ह एस-वनला डिस्क डेसिकेशन, डिफ्यूज बल्ज, थीकल सॅकवर दाब. एल-फोर, एल-फाइव्ह, एस-वन ही कमरेच्या खालच्या बाजूच्या मणक्यांची नावं. डेसिकेशन म्हणजे दोन मणक्यांमधल्या चकतीतलं, म्हणजे लोक म्हणतात त्या गादीतलं, पाणी वयानुसार कमी होणं. बल्ज म्हणजे चकतीची कडा थोडी बाहेर फुगणं. थीकल सॅक हे नसांभोवतीचं द्रवानं भरलेलं आवरण; फुगलेली कडा त्याला टेकली म्हणून नस दबलीच असं होत नाही. आणि चकती तिच्या जागेवरून सरकत तर मुळीच नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला चिवट तंतूंनी घट्ट जोडलेली असते.

आता खरा मुद्दा. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा लोकांचे एमआरआय आणि सीटी स्कॅन पाहिलेल्या ३३ अभ्यासांचा एकत्र आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. एकूण ३११० माणसं. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या, पन्नाशीत ८० टक्के, ऐंशीत ९६ टक्के. बल्ज विशीत ३० टक्के, पन्नाशीत ६० टक्के. म्हणजे पन्नाशीतल्या, कंबर ठणठणीत असलेल्या माणसाला मशिनमध्ये घातलं तरी 'झीज' सापडण्याचीच शक्यता जास्त. हे न सांगता रिपोर्ट हातात ठेवणं हा माझ्या मते अर्धवट उपचार आहे. रिपोर्ट देतानाच 'तुमच्या वयाला हे अपेक्षित आहे' एवढं एक वाक्य बोललं, तरी पुढची कितीतरी भीती वाचते. चकतीचा तुकडा खरोखर बाहेर येऊन पायात कळ मारते तेव्हाही बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत ओसरते, आणि बाहेर आलेला भाग शरीर अनेकदा स्वतःच शोषून घेतं.

उलट बाजूची चूकही तितकीच घातक आहे. 'कामाचं दुखणं हाय, जाईल' म्हणून काही गोष्टी अंगावर काढायच्या नसतात. लघवी अडणं किंवा कळेनासं होणं, शौचावरचा ताबा जाणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पायातली ताकद दिवसेंदिवस कमी होणं: यात त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. ताप, वजन उतरणं, रात्री कुठल्याच कुशीवर चैन न पडणं, पूर्वी झालेला कॅन्सर किंवा टीबी, म्हातारपणी पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं: यात तपासणी हवीच. मणक्याचा टीबी आपल्याकडे विरळा नाही. आणि चाळिशीच्या आतल्या माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असेल, हालचालीनं मोकळी होत असेल आणि विश्रांतीनं वाढत असेल, तर तो सांधेवाताचा एक प्रकार असू शकतो. त्याची औषधं वेगळी असतात.

हे सगळं नाही असं कळल्यावर मग दुखतं का? वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यात वेदना हा शरीराचा आणि भावनेचा एकत्रित अनुभव मानला आहे, आणि प्रत्यक्ष इजा नसतानाही तो तसाच येऊ शकतो हेही मान्य केलं आहे. म्हणजे दुखणं खरंच असतं, पण दुखण्याची तीव्रता आणि आत झालेली इजा यांचं माप जुळेलच असं नाही. शेतावरच्या राखणीच्या कुत्र्यानं एकदा चोर पाहिला की पुढे महिनाभर ते पोस्टमनवरही भुंकतं. नसांची यंत्रणाही अशीच हळवी होऊन बसते. तिला हळवं ठेवण्यात अपुरी झोप, काळजी आणि 'आता आपलं काही खरं नाही' ही भावना यांचा वाटा मोठा.

समजुतीची ताकद किती, हे मोजलं गेलेलं आहे. २०११ साली उल्रिके बिंगेल या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या पायाला चटका देऊन रेमिफेंटॅनिल हे जोरदार वेदनाशामक शिरेतून चालू ठेवलं. औषध चालू आहे हे माहीत नसताना त्याचा जो परिणाम दिसला, तो 'आता औषध सुरू करतोय' असं सांगितल्यावर दुप्पट झाला. 'औषध बंद करतोय, दुखणं वाढेल' असं सांगितल्यावर, औषध तितकंच चालू असूनही, परिणाम पार नाहीसा झाला. मेंदूच्या स्कॅनमध्येही हा फरक उमटला. म्हणून कुणी 'हे सगळं मनाचे खेळ' म्हणत असेल तर ते चुकीचं आहे. अपेक्षा शरीरातच काम करते.

आता भीतीकडे येऊ. व्लायेन आणि लिंटन या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली मांडलेलं चक्र कुठल्याही गावात पाहायला मिळतं. दुखलं, काहीतरी मोडलं असं वाटलं, म्हणून हालचाल टाळली, टाळल्यानं स्नायू कमजोर झाले आणि धीर खचला, मग कमी हालचालीतही दुखू लागलं, आणि 'बघा, मी म्हणत होतो' असं म्हणत समजूत आणखी पक्की झाली. ही भीती मोजायला १७ विधानांची टॅम्पा प्रश्नावली आणि दुखण्याबद्दलचे टोकाचे विचार मोजायला १३ विधानांची दुसरी प्रश्नावली वापरतात. पण कागद नसला तरी तीन प्रश्न पुरतात. हे कशानं झालं असं वाटतंय? वाकलात, उचललंत तर काय होईल असं भ्या वाटतंय? घरचे काय म्हणतात? उत्तरं ऐकण्यासारखी असतात. 'वाकलो तर मणका निसटंल आणि लुळा पडीन.' 'हाडं झिजल्यात, चाललं की अजून झिजत्यात.' 'बाळंतपणात वारं लागलंय, त्यातनं हे.' यातलं प्रत्येक उत्तर वेगळा उपचार मागतं. पहिल्याला वाकून दाखवावं लागतं, दुसऱ्याला सांधा कसा पोसला जातो ते सांगावं लागतं, आणि तिसरीशी वाद घालण्यात अर्थ नसतो. 'तेव्हा गेलेली ताकद भरून आली नाही, आता ती भरू या' म्हटलं की काम पुढे जातं.

निपाणीत विड्या वळणाऱ्या बाईचं उदाहरण घेऊ. मांडीवर सूप, मान खाली, तासन् तास एकाच बैठकीत. मान आणि खांदे धरतात. तिला 'बसू नका' सांगणं म्हणजे 'कमवू नका' सांगणं. त्याऐवजी तीन दिवस फक्त नोंद करायची: बसल्यापासून किती मिनिटांनी दुखणं स्पष्टपणे चढलं. समजा ४०, ३० आणि ३५ मिनिटं. सरासरी ३५. त्याचे ८० टक्के म्हणजे २८. आता मोबाइलवर २८ मिनिटांचा गजर लावायचा आणि दुखो वा न दुखो, गजर झाला की सूप खाली ठेवून उठायचं. चार मिनिटं: दारापर्यंत जाऊन यायचं, खांदे मागे दहा वेळा फिरवायचे, मान दोन्ही बाजूंना सावकाश वळवायची. दर आठवड्याला बैठक दोन-तीन मिनिटांनी वाढवायची, पाऊण तासावर थांबायचं.

हे साधं वाटतं आणि तरी फसतं. फसण्याची कारणं ठरलेली आहेत. एक, दुखलं की उठायचं असा नियम केला जातो. मग मेंदू दुखण्याकडेच कान लावून बसतो. घड्याळावर उठलं तर दुखणं आणि विश्रांती यांची गाठ सुटते. दोन, चांगल्या दिवशी किंवा माल द्यायच्या आदल्या दिवशी दोन तास सलग बसलं जातं आणि मग दोन दिवस अंथरूण धरलं जातं. चांगल्या दिवशी ठरलेल्यापेक्षा जास्त नाही आणि वाईट दिवशी निम्म्यापेक्षा कमी नाही, हा नियम सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगी. तीन, मजुरी हजार विड्यांमागे मिळते. २८ मिनिटांमागे चार मिनिटं म्हणजे एक अष्टमांश वेळ जातो. पहिल्या आठवड्यांत विड्या कमी होतात हे आधीच सांगायला हवं, तिलाही आणि घरच्यांनाही. नाहीतर पहिल्या हिशेबालाच गजर बंद होतो.

वाकायची भीती असलेल्या माणसाला वेगळी शिडी लागते. खानापूर तालुक्यात भाताची रोपलावणी पावसाळा लागल्यावर येते, म्हणजे तयारी एप्रिल-मेमध्ये. आधी हालचालींची यादी करून प्रत्येकीला भीतीचे गुण द्यायचे, शून्य ते शंभर. वहाण घालणं २०, पाण्याची बादली ५०, चिखलात वाकून लावणी ९०, असं काहीतरी निघतं. पहिला आठवडा खुर्चीत बसून हात नडगीवरून खाली घसरवायचे, दहा वेळा, दिवसातून दोनदा. दुसरा आठवडा हेच उभं राहून. तिसऱ्यात जमिनीवरची लिटरभर पाण्याची बाटली उचलायची. चौथ्या-पाचव्यात अर्धी बादली, साधारण पाच किलो. सहाव्या-सातव्यात परसात दहा मिनिटं वाकून खुरपणी. आठव्यात पंधरा मिनिटं वाकून, पाच मिनिटं उभं, असं तीन वेळा.

प्रत्येक पायरीआधी एक प्रश्न विचारून उत्तर लिहून ठेवायचं: आता काय होईल असं वाटतं? 'कळ येऊन खाली बसीन' असं उत्तर आलं तर ते लिहायचं, मग हालचाल करायची आणि काय झालं ते शेजारी लिहायचं. दोन रकाने शेजारी शेजारी दिसतात तेव्हा समजूत हलते. हे करताना कंबरपट्टा बांधायचा नाही. पट्टा बांधला तर सगळं श्रेय पट्ट्याला जातं, 'पट्टा होता म्हणून वाचलो', आणि भीती जागच्या जागी राहते. दुखणं दहापैकी दोन गुणांनी चढलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं तर पायरी बरोबर आहे. उतरलं नाही तर एक पायरी मागे यायचं, झोपून राहायचं नाही.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे तर: जुन्या कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. माहिती देणं, व्यायाम, वागण्या-विचारांवरची मानसोपचार पद्धत, मसाज हे उपचार त्यात सुचवले आहेत. पट्टे, वजन लावून ताणणं आणि अफूवर्गीय गोळ्या सरसकट देऊ नयेत असं म्हटलं आहे. आपल्याकडे पट्टा आणि वजन मात्र खात्रीचा उपचार मानले जातात. तेल लावून अंग रगडून घेण्याला माझी हरकत नाही, त्यानं बरं वाटत असेल तर घ्यावं आणि त्या मोकळेपणात व्यायाम उरकून घ्यावा. बिब्बा घालणं आणि तापल्या सळईनं डाग देणं मात्र कधीच नाही. मधुमेह्याच्या बधिर पायावर दिलेला डाग चिघळून पाय जातो.

गुडघ्याचं 'वंगण संपलं' ही समजूतही अशीच. गुडघ्यातल्या कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थराला, रक्तवाहिन्या नसतात. चालताना ती दाबली आणि सुटली की सांध्यातला द्रव आत-बाहेर होतो, त्यावरच ती जगते. मांडीचे स्नायू बळकट असले की सांध्यावरचा ताण वाटला जातो. खुर्चीतून हात न टेकता आठ वेळा उठणं-बसणं, दोन फेऱ्या, एक दिवसाआड, इथून सुरुवात चांगली. वजन एक किलो उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. आषाढीला सीमाभागातून पायी दिंड्या निघतात. बाजारापर्यंत न जाणारी माणसं त्यात कोसन् कोस चालतात. सोबत, श्रद्धा आणि लक्ष दुसरीकडे असणं यांचं बळ त्यांच्या पाठीशी असतं. ते बळ वाया जाऊ नये म्हणून आठ आठवडे आधीपासून रोज २० मिनिटांनी सुरुवात करून दर आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तासावर आलं की परतल्यावर अंथरूण धरावं लागत नाही.

औषधांच्या समजुती वेगळ्याच. सुईनं लगेच उतरतं म्हणून सुई ताकदवान, असं मानतात. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक सुईतून गेलं काय आणि गोळीतून गेलं काय, तेच औषध. फरक थोड्या मिनिटांचा. आठवड्याला एक सुई अशी वर्षं काढली की पोट, मूत्रपिंडं आणि रक्तदाब यांची किंमत मोजावी लागते. अशक्तपणाला सलाइन हाही असाच हट्ट: अर्ध्या लिटरच्या साध्या सलाइनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ आणि पाणी असतं, दुसरं काही नाही. सगळ्यांत धोक्याची ती नाव नसलेली पुडी. दोन दिवसांत सगळे सांधे मोकळे झाले, भूक वाढली, चेहरा गोल झाला, तर त्यात डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड असण्याची शंका घ्यावी. साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. पण महिनोन् महिने घेतलेली पुडी एका दिवसात बंदही करायची नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवणं थांबवतं, आणि अचानक बंद केल्यानं रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरकडे जायचं आणि हळूहळू उतरवायचं.

याच्या उलट, ज्या गोळ्या उपयोगी असतात त्या 'डोक्याच्या गोळ्या' म्हणून टाकल्या जातात. मधुमेहानं तळपायांची आग होत असेल तर अ‍ॅमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबालिन यांपैकी एक देतात. अ‍ॅमिट्रिप्टिलिन नैराश्यासाठी ७५ मिलिग्रॅम आणि त्यावर देतात, नसांच्या दुखण्यासाठी बहुधा रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. मेडिकलवाल्यानं किंवा शेजारच्या शिकलेल्या पोरानं मोबाइलवर बघून 'ही तर डिप्रेशनची' म्हटलं की गोळ्या संपल्याच. म्हणून लिहून देतानाच चार गोष्टी सांगायच्या: ही नसांसाठी आहे, फरक दोन ते चार आठवड्यांनी कळेल, तोंड कोरडं पडेल आणि सकाळी झापड राहिली तर गोळी रात्री आठलाच घ्या, पहिले काही दिवस ट्रॅक्टर-मोटारसायकल जपून. काचबिंदू, लघवी अडण्याचा त्रास किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आधी बोलायचं.

घरात दोन टोकं दिसतात. सुनेची कंबर दुखते तेव्हा 'कामाचा कंटाळा' आणि सासऱ्यांची दुखते तेव्हा 'हलू नका, आम्ही करतो'. दोन्हींनी दुखणं वाढतं. जिच्यावर विश्वास नाही ती दुखणं सिद्ध करत राहते, आणि ज्यांचं सगळं हातात मिळतं त्यांची हालचाल सुटते. विल्बर्ट फोर्डाइस या मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात हे नीट मांडलं: लक्ष दुखण्याला द्यायचं की हालचालीला, यावर पुढे काय वाढतं ते ठरतं. घरच्यांनी 'आज किती दुखतंय?' हे दिवसातून दहा वेळा विचारण्याऐवजी 'आज किती चाललात, आक्का?' असं विचारावं. प्रारब्धाचा भोग मानणाऱ्याशीही भांडू नये. भोग असेल तर असो, रोजची २० मिनिटं चालणं त्यातच बसतं.

डॉक्टरांच्या समजुतींवर फार कमी बोललं जातं. ज्या डॉक्टरला स्वतःला वाकण्याची भीती वाटते तो जास्त विश्रांती आणि जास्त रजा लिहून देतो, आणि त्याची भीती रुग्णात उतरते. याचे पुरावे आहेत. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यानं १९९७ ते १९९९ या काळात टीव्हीवर मोहीम चालवली: कंबर दुखली म्हणून पडून राहू नका, कामात राहा. लोकांची मतं बदलली, डॉक्टरांचीही बदलली, आणि कंबरदुखीचे नुकसानभरपाईचे दावे कमी झाले. आपल्याकडे भाषेचा पेच वर आहे. रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टर कन्नडमध्ये बोलणारे, म्हातारी मराठीतली, आणि मधे भाचा. 'पुढे वाकून जड उचलताना जपा' याचं 'वाकायचंच नाही म्हणालेत' असं होऊन घरी पोचतं. उठण्याआधी 'घरी जाऊन काय सांगाल?' एवढं विचारलं आणि काय करायचं ते मराठीत चार ओळींत लिहून घेतलं, तर हे टळतं.

शेवटी कॅन्सरचं दुखणं, कारण तिथे हिशेब उलटा आहे. जुन्या कंबरदुखीला अफूवर्गीय औषधांनी फारसं साधत नाही, पण कॅन्सरच्या तीव्र वेदनेला मॉर्फिन हेच मुख्य औषध. भारतात अफूची कायदेशीर शेती होते, आणि तरी इथलाच रुग्ण कण्हत राहतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यानं कागदपत्रांचं इतकं ओझं घातलं की दवाखाने हे औषध ठेवेनासे झाले; २०१४ च्या दुरुस्तीनं मान्यताप्राप्त संस्थांना ते ठेवणं सोपं केलं. कायदा सैल झाला, समजूत तशीच आहे: मॉर्फिन म्हणजे शेवट, मॉर्फिन म्हणजे व्यसन. वेदनेसाठी, देखरेखीखाली, मात्रेत दिलेल्या मॉर्फिननं व्यसन लागणं विरळा. आणि ते मरणाची वेळ अलीकडे आणत नाही. तोंडानं घ्यायची साधी गोळी, सुरुवातीला ५ ते १० मिलिग्रॅम, दर चार तासांनी, घड्याळ लावून. दुखल्यावर घ्यायची म्हटलं की रुग्ण सोसत बसतो आणि मग जास्त मात्रा लागते. मूत्रपिंडं कमजोर असतील किंवा वय फार असेल तर मात्रा कमी आणि अंतर जास्त. पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ होण्याचं औषध हवंच, कारण मळमळ आठवड्याभरात ओसरते पण बद्धकोष्ठ ओसरत नाही, आणि बऱ्याच घरांत चांगलं चाललेलं मॉर्फिन बद्धकोष्ठामुळेच बंद पडतं. घरच्यांनी डॉक्टरांना 'मॉर्फिन मिळेल का, आणि इथे नसेल तर कुठे मिळेल?' असं नाव घेऊन विचारावं.